तळ्याकाठचं गुणगुणणं

१

सकाळचा चहा पिऊन भैय्यालाल गजभिये नेहमीच्या खुर्चीत बसले, चार्जरला लावलेला मोबाइल हाती घेतला, गेम उघडला, आणि थोड्याच वेळात त्यांच्या लक्षात आलं की आपल्या मुलाचा आवाज कुणीतरी चोरून नेला आहे.

मुलाचं नाव संघर्ष. त्याला जाऊन एक पावसाळा आणि एक हिवाळा उलटला होता. लहानपणापासूनचा दमा, त्यात न्यूमोनिया, आणि खेळ आटोपला. भैय्यालाल रडले नाहीत. लोक आले, भंतेजी आले, पुण्यानुमोदन झालं, जेवणावळ उठली, आणि या माणसाच्या आत काही हललं नाही. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतो, मग गाल आपला असून आपला वाटत नाही. तसं त्यांचं अंगभर झालं होतं. ते उतरेल म्हणून सुरुवातीला त्यांनी वाट पाहिली, नंतर तीही सोडून दिली.

रायपूरच्या गोल बाजारात एका भांड्यांच्या दुकानावरच्या माडीवर काही पोरांनी मिळून मोबाइलचे गेम बनवायचं काम काढलं होतं, आणि संघर्ष तिथे संगीत करायचा. "खेळाले संगीत कायले लागते?" असं भैय्यालालनी त्याला एकदा विचारलं होतं. तो हसून म्हणाला होता, "बाबा, संगीत नसलं त खेळणाऱ्याले कसं समजन का भालू जवळ आला म्हणून?" भैय्यालालना ते पटलं नव्हतं. त्यांच्या मते अस्वल जवळ आलं की माणसाला आपोआप समजायला पाहिजे.

गेम तसा साधा होता. एक गावची पोट्टी हरवलेली म्हैस शोधायला निघते. वाटेत जंगल, नाला, भालू. पण सगळ्यात आधी लागतं ते एक तळं. पोट्टीला तळ्याकाठी बसवलं आणि बोट लावलं नाही, की बासरी बारीक होते, बेडूक ओरडू लागतात, आणि कुणीतरी गुणगुणायला लागतं. गुणगुणणारा संघर्ष. तिला बोटानं टोचलं की ती मान वळवून "हव", म्हणजे हो, म्हणते आणि पुन्हा पाण्याकडे पाहते. भैय्यालाल रोज तिला तिथे बसवत आणि स्वतः इथे बसत. म्हैस कुठे का भटकेना, त्यांना तिचं काही देणंघेणं नव्हतं.

आज बासरी वाजली, बेडूक ओरडले, आणि पुढे काहीच नाही. त्यांनी पोट्टीला टोचलं. तिनं मान वळवून पाहिलं आणि गप्पच पुन्हा पाण्याकडे तोंड केलं. त्यांनी गेम बंद करून परत उघडला. पुन्हा बेडूकच. त्यांनी पाण्यासाठी हात लांब केला. एरवी टेबलावर झाकण ठेवलेला पाण्याचा गिलास असायचा, आज तोही नव्हता. या घरात हल्ली काहीच धड जागेवर सापडत नसे.

"कमला, आवाज गेला," ते म्हणाले.

कमला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सुपात तांदूळ निवडत बसली होती. "कोणाचा?"

"त्याचा. पाह्य ना जरा."

हे काम तिचंच. कमला अंगणवाडीत होती, पोरांची वजनं मोबाइलवर भरून भरून तिचा त्यावर हात बसला होता. भैय्यालालना फक्त गेम उघडता यायचा आणि बंद करता यायचा.

"माहे हात ओले आहेत," ती मान वर न करता म्हणाली. "मशीन आहे ते. बिगडते कधी."

तेवढ्यात शेजारून चेतना आली. ही भैय्यालालच्या धाकट्या भावाची मुलगी. मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीत. "बडे पापा, अपडेट आया था ना. परसों मैंने ही तो किया. कंपनीवालों ने कुछ बदला होगा."

भैय्यालालनी मोबाइल खाली ठेवला आणि बूट शोधायला लागले. नोकरीत असताना ते चोऱ्या पकडायचे, आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या घरात चोरी झाली होती.

२

भैय्यालाल रेल्वे सुरक्षा दलात होते. मालगाडीच्या बंद डब्यातून माल गेला की प्रत्येक स्टेशन म्हणायचं, आमच्याकडे काही झालं नाही. अशा वेळी बाकीचे चोराच्या मागे धावत. भैय्यालाल सीलच्या मागे जात. डब्याचं सील कुठवर शाबूत होतं, ते आधी पाहायचं. एका स्टेशनावर शाबूत आणि पुढच्यावर तुटलेलं, तर चोर त्या दोघांच्या मधला. एवढ्या भांडवलावर त्यांनी नोकरी काढली होती आणि बऱ्यापैकी नाव कमावलं होतं.

खमतराईच्या घरून गोल बाजारापर्यंत ऑटोत बसल्या बसल्या त्यांनी तीच रीत लावली. आवाज निघतो कंपनीतून, येतो मोबाइलमध्ये. पहिलं स्टेशन कंपनी. रोज गेम उघडायचे तो मोबाइल संघर्षचाच, जुना; तो त्यांनी घरीच ठेवला होता. चार्जरवरून काढला की तो मान टाकायचा.

माडीवर भार्गव भेटला. कंपनी त्याची. आपलं घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपूरला आहे, हे तो पहिल्या पाच वाक्यांत सांगायचा. आज मात्र विसरला. त्यानं लगबगीनं खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. भैय्यालालच्या दातांना ते झोंबलं. घरी हल्ली पाणी कोमटच मिळायचं. का, ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"संघर्षचा आवाज कोणी काढला?" त्यांनी सरळच विचारलं.

भार्गवनं चष्मा पुसला. "काका, कोणी नाही काढला."

"माह्या मोबाइलमंधी नाई ना तो."

"असं कसं होईल?" भार्गव म्हणाला, आणि मग उगीचच टेबलावरची वायर गुंडाळायला लागला. भैय्यालाल गप्प बसून राहिले. समोरचा माणूस गप्प बसला की अपराधी मनाला बोलावंसं वाटतं, हे त्यांना ठाऊक होतं. भार्गव बोलला. "हैदराबादची एक कंपनी आपला गेम घेणार आहे, काका. त्यांना सगळं आवडलं. फक्त त्या तळ्याच्या आवाजाबद्दल त्यांचं म्हणणं पडलं की तो साफ करा."

"मंग?"

"मी साफ करायला सांगितला होता."

"कोणाले?"

भार्गवनं हनुवटीनं दाखवलं. कोपऱ्यात कानाला मोठाले हेडफोन लावून एक पोरगा बसला होता. त्याने ते सावकाश काढून मांडीवर ठेवले.

३

पोराचं नाव अनिमेष. संघर्षच्या जागी आला होता. मेलेल्या माणसाच्या खुर्चीवर बसणाऱ्याचं तोंड जसं असतं तसं त्याचं होतं, थोडं ओशाळलेलं.

"मी हात लावला होता, काका," तो म्हणाला. "खोटं नाही बोलणार. त्यातला खोकला काढायचा होता."

"कोणता खोकला?"

अनिमेषनं भार्गवकडे पाहिलं. "गुणगुणता गुणगुणता संघर्षदादा खोकतो ना मधे. तुम्ही तर रोज ऐकता म्हणे."

भैय्यालाल रोज ऐकत होते. त्यांना खोकला आठवेना. चाल आठवली, बेडूक आठवले, खोकला नाही.

"गेमचं संगीत सिनेमासारखं नसतं," अनिमेष सांगू लागला, आणि आपल्या कामाचं बोलायला मिळाल्यावर त्याचा चेहरा जरा सैल झाला. "सिनेमा माणसाला ओढत नेतो. गेम थांबतो. खेळणारा तळ्याकाठी किती वेळ बसेल, आपल्याला काय माहीत? चहा प्यायला उठून जाईल. म्हणून संगीताला शेवट ठेवता येत नाही. शेपूट तोंडात द्यावी लागते, म्हणजे संपलं की तिथूनच परत सुरू. पण जिथे जोड असतो तिथे बारीकसा धक्का बसतो. तो लपवणं मोठं कठीण."

"मंग त्यानं कसा लपवला?"

"खोकल्याखाली. बरोब्बर जोडावर खोकला ठेवला. माणूस खोकला ऐकतो, जोड ऐकत नाही. मी खोकला काढला तर प्रत्येक वेळी धक्का ऐकू यायला लागला. मग जसं होतं तसंच परत ठेवलं. भार्गवभैयांना सांगितलं की मला नाही जमत." त्यानं मांडीवरचे हेडफोन टेबलावर ठेवले. "काका, तळ्याच्या पुढचं ऐकलं का तुम्ही? जंगलातलं? ते तर त्याहून भारी आहे."

"नाई," भैय्यालाल म्हणाले. त्यांना त्यात रस नव्हता. परत ठेवलं असं तोंडानं म्हणणारे त्यांनी खूप पाहिले होते. "ठेवलं याचा पुरावा का?"

पुरावा श्रावणीकडे होता. कंपनीतून बाहेर जाणारं सगळं तिच्या हातून जायचं. इतका वेळ ती पाठ करून बसली होती. संघर्षशी तिचं लग्न ठरल्यातच जमा होतं. घरच्यांशी बोलायचं तेवढं राहिलं आणि मग राहूनच गेलं. भैय्यालाल तिच्यासमोर बसले. तिचे डोळे कोरडे होते. आपल्यासारखीच आहे, असं त्यांना वाटलं.

"तुले तो आवाज ऐकवत नसन," ते म्हणाले. "तू काढला असशीन त मी रागावणार नाई."

"नाही काढला, काका." तिनं कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं. तळं उघडलं. "परवा बाहेर पाठवला तो हाच."

बासरी बारीक झाली, बेडूक ओरडले, आणि माडीवरच्या त्या कोंदट खोलीत संघर्ष गुणगुणायला लागला. श्रावणीनं लगेच बंद केलं.

"एक सांगू?" ती म्हणाली. "संगीताच्या कप्प्यात नाही ठेवला त्यानं हा आवाज. बोलण्याच्या कप्प्यात ठेवला, त्या मुलीच्या बोलण्यासोबत. मी विचारलं, काहून? तर म्हणाला, लोक बसमधे, ऑफिसात संगीत बंद करतात, बोलणं कोणी बंद करत नाही. म्हणे, मी तळ्यावर सगळ्यांना भेटलो पाहिजे."

भैय्यालाल उठले. पहिल्या स्टेशनावर सील शाबूत होतं. जिना उतरताना त्यांना वाटलं, आता उरलं कोणतं स्टेशन, ते आपल्याला माहीत आहे आणि आपल्याला तिकडे जायचं नाही.

४

तरी शंका राहायला नको म्हणून ते आधी चेतनाच्या दारात थांबले. तिचा मोबाइल, तीच कंपनी, तेच परवाचं अपडेट. चेतनानं पोट्टीला तळ्याकाठी बसवलं आणि बोटानं टोचलं.

"हव," पोट्टी म्हणाली.

भैय्यालाल दाराच्या चौकटीला टेकले. सकाळी त्यांची पोट्टी मुकी होती. मान वळवली, पण बोलली नव्हती. इतकी वर्षं लोकांचे जबाब घेतलेल्या माणसाला हे सकाळीच खटकायला पाहिजे होतं.

"चेतना, या गेममंधी बोलणं बंद करता येते का? संगीत चालू ठेवून नुसतं बोलणं?"

"हां, सेटिंग में. अलग से कम होता है." तिनं दाखवलं. एक पट्टी संगीताची, खाली दुसरी बोलण्याची. "पर अपने आप नहीं होता, बडे पापा. किसी को जाकर करना पडता है."

गुणगुणणं आणि "हव" एकाच कप्प्यात. दोन्ही एकदम गेली, म्हणजे कप्पाच कुणीतरी मिटला. तो अपडेटनं मिटलेला नाही, नाहीतर चेतनाचाही मिटला असता; आणि अपडेट करताना चेतनाच्या हातून मिटला म्हणावं, तर काल आवाज चालू होता. मोबाइल घराबाहेर जात नाही. घरात माणसं दोन, त्यातल्या एकाला पट्टी असते हेच आत्तापर्यंत ठाऊक नव्हतं. आणि दुसरीनं सकाळी सांगितलं होतं की माझे हात ओले आहेत. तांदूळ निवडणाऱ्या बाईचे हात ओले कसे असतील?

चोर सापडला होता. नोकरीत अशा वेळी त्यांना बरं वाटायचं. आता काही वाटलं नाही, फक्त एक गोष्ट राहून राहून समोर येत होती. टेबलावरचा तो झाकणाचा गिलास. कोमट पाण्याचा. आवाज गेला त्याच दिवशी तोही नाहीसा झाला होता. गिलासाचा आणि आवाजाचा काय संबंध?

"तुहा मोबाइल दे थोडा वेळ," ते म्हणाले.

घरी संध्याकाळचा दिवा लागला होता. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली संघर्षची तसबीर. कमला आत भाकरी थापत होती, थापण्याचा आवाज एका लयीत येत होता. भैय्यालाल तिला हाक न मारता आपल्या खुर्चीत बसले. त्यांनी चेतनाचा मोबाइल पूर्ण मोठा केला आणि पोट्टीला तळ्याकाठी बसवली.

बासरी बारीक झाली. बेडूक. मग संघर्ष.

आत भाकरी थापणं थांबलं.

भैय्यालाल या वेळी चाल ऐकत नव्हते, जोड ऐकत होते. चाल वर गेली, खाली आली, शेवटाकडे निघाली, आणि तिथे कुणीतरी खोकलं. छातीतून येणारा, अर्धवट दाबलेला खोकला. लहानपणी शाळेतून आल्यावर दप्तर टाकताना तो असाच खोकायचा. इतके महिने रोज हा आवाज त्यांच्या कानाशी होता आणि त्यांनी तो एकदाही ऐकला नव्हता.

आत भांड्याचा आवाज झाला. ओट्यावरचं पातेलं सरकलं, पाणी ओतलं गेलं. कमला दारात आली. हाताला पीठ, हातात झाकण ठेवलेला गिलास. खुर्चीत नवऱ्याला पाहून ती जागच्या जागी थांबली.

५

भैय्यालालनी आवाज बंद केला. "हा चेतनाचा मोबाइल आहे," ते म्हणाले.

"दिसून राहिलं." तिनं गिलास टेबलावर ठेवला, त्याच्या नेहमीच्या जागी.

"पाणी कोणासाठी आणलं?"

कमला खाली बसली. बोटांचं पीठ काढत राहिली. "तुमाले ठाऊक आहे, मंग काहून विचारता?"

"आज समजलं. मी समजत होतो, माह्यासाठीच ठेवते."

"तुमी आधी कधी कोमट पाणी पेत होते का?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. दोघांचेही आवाज कित्येक महिन्यांत चढले नव्हते. "तुमाले तो गाते. मले तो खोकलते. दिवसभर. तुमी इथं बसता, अन् मी तिकडं भाकरी सोडून उठते, पाणी कोमट करते, घेऊन येते, त इथं तुमी असता. तो कुठी असते? मंग ठेवून देते गिलास. परत तो खोकलते. मले ठाऊक आहे का मशीन आहे. पायाले ठाऊक नाई ना. पाय उठतात."

"मले सांगाचं होतं."

"सांगतलं असतं त तुमी बंद केलं असतं?"

भैय्यालालनी प्रामाणिकपणे विचार केला. "नसतं."

"मंग का सांगू?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "मिटवलं नाई मी. पूरा गेमच काढून टाकता येते, मले येते ते. नुसतं बारीक केलं. म्हटलं, तुमाले बेडकायचा आवाज पुरन."

भैय्यालालनी गिलासावरचं झाकण काढलं आणि पाणी प्यायले. कोमट होतं, पोराला लागायचं तसं. त्याच्या वाटचं पाणी ते इतके दिवस न विचारता पीत आले होते, आणि ज्या बाईनं ते आणलं ती रोज हात हलवत परत जात होती. गालाच्या आत कुठेतरी मुंग्या आल्यासारखं झालं. सुई उतरताना आधी मुंग्या येतात आणि मग दुखतं, हे त्यांना माहीत होतं. त्यांना भीती वाटली. भीती वाटते आहे एवढं तरी कळलं.

चोरी सिद्ध झाली की माल मालकाच्या ताब्यात द्यायचा असतो. या मालाचे मालक दोन होते, आणि एकाला जे हवं त्यानंच दुसऱ्याचा जीव जात होता. असा पंचनामा त्यांनी आजवर लिहिला नव्हता.

त्यांनी आपला, म्हणजे संघर्षचा, चार्जरला लावलेला मोबाइल उचलला. तिनं बारीक केलेली पट्टी तशीच राहू दिली. बासरी वाजत होती, मुकी पोट्टी पाण्याकडे पाहत बसली होती.

"याच्या पुढं बी त्याचंच संगीत आहे म्हणते तिथला पोट्टा," ते म्हणाले. "जंगलातलं. मी ऐकलं नाई."

"काहून?"

"मी इथून हाललोच नाई. इले चालवाचं कसं, ते बी मले येत नाई."

कमलानं दोन्ही हात पदराला स्वच्छ पुसले, खुर्चीजवळ सरकली आणि मोबाइल घेतला. वायर आखूड होती, म्हणून भैय्यालाल खुर्चीतून उतरून तिच्या बाजूला जमिनीवर बसले. तिनं अंगठा फिरवला. पोट्टी उठली, परकर झटकला, आणि तळं मागे टाकून झाडांत शिरली.

बासरी विरली. काही क्षण नुसता पाचोळा वाजला. मग लांबून एक ढोलक सुरू झाली, संथ, एकेक थाप सुटी सुटी.

"हे कोन वाजवून राहिलं?" कमलानं विचारलं.

"तोच."

पोट्टी चालत राहिली. जंगल जसंच्या तसं होतं, झाडं तीच, वाट तीच, समोर काहीही दिसत नव्हतं. पण थापा एकमेकींच्या जवळ यायला लागल्या, ढोलकीखाली काहीतरी जड घुमायला लागलं, आणि कमलाचा अंगठा एकदम घट्ट झाला.

"भालू येऊन राहिला," ती म्हणाली.

"कुठी? मले त दिसत नाई. तुले कसं समजलं?"

"सांगून राहिला ना तो," कमला म्हणाली आणि पोट्टीला पळवू लागली.